लाभार्थी क्रमांक एक

"गुरुवार," बायको म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळपर्यंत किनारा ठरला पाहिजे. नाहीतर मी ठरवीन."

खरेदीसाहेबांना राग आला तो 'मी ठरवीन' या शब्दांचा नव्हे, ते ज्या सहजतेनं उच्चारले गेले त्याचा. किनारा म्हणजे काय भाजी आहे, येता येता पिशवीत टाकून आणायला? शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात ते चौदा वर्षं खरेदी अधिकारी होते. नळाच्या चाव्या घट्ट करायचा साधा पाना घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणची माहिती शेजारी शेजारी मांडून, तुलनात्मक तक्ता करून, त्याखाली सही करून मगच ते घेत. आणि इथे सव्वादोन वर्षांची मुलगी घेऊन समुद्रावर जायचं, तेही आठ दिवस, आणि जागा निवडायची कशी, तर म्हणे फोनवर फोटो बघून!

"फोटो बघितलेस तू?" ते म्हणाले. "सगळीकडे सूर्य मावळतोय. जिथे बघावं तिथे मावळतोय. दुपारी दोन वाजता तिथे काय परिस्थिती असते, एक माणूस सांगत नाही! आणि ही जोडपी बघ. पांढरे कपडे! ज्यांना मूल आहे ती माणसं पांढरे कपडे घालतील?"

"लोकांचे अभिप्राय वाच मग."

"वाचले. एक म्हणतो स्वर्ग आहे. त्याच जागेबद्दल दुसरा म्हणतो माश्या आहेत. म्हणजे स्वर्गात माश्या आहेत असं धरायचं का मी?"

बायको दातांची डॉक्टर होती. दात ठेवायचा की काढायचा हे ती माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत ठरवत असे आणि त्याला समजेपर्यंत काढूनही मोकळी होत असे. अशा बाईची गाठ तुलनात्मक तक्त्याशी पडली होती, आणि तिनं तो संसार सात वर्षं बिनबोभाट केला होता. पण पिपाणी झाल्यापासून तिचा धीर सुटत चालला होता. पिपाणी हे मुलीचं घरातलं नाव. ते का पडलं हे तिच्याजवळ दहा मिनिटं बसलेल्या माणसाला सांगावं लागत नसे.

"हे बघ," बायको म्हणाली. "सोमवारपासून आठ दिवस माझी मैत्रीण दवाखाना सांभाळणार आहे. त्यानंतर तीच बाळंतपणाच्या रजेवर जाणार. म्हणजे हे आठ दिवस गेले की वर्षभर मला हलता येणार नाही. मला काय पाहिजे ते सांगू? दोन तास. रोज. सलग. कुणी 'आई' म्हणणार नाही, कुणी 'डॉक्टर' म्हणणार नाही, आणि कुणी 'अगं, माझे मोजे कुठायत' म्हणणार नाही असे दोन तास. समोर समुद्र. बाकी किनारा कुठलाही असू दे."

"कुठलाही!" खरेदीसाहेब म्हणाले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते त्या क्षणी त्यांना नेमकं कळलं. "गेल्या वर्षी 'कुठल्याही' किनाऱ्यावरच गेलो होतो आपण!"

ही गोष्ट मात्र खरी होती. गेल्या वर्षी ते एका दुपारपुरते समुद्रावर गेले होते. पोचल्यावर सात मिनिटांत पिपाणीनं दोन मुठी वाळू खाल्ली. अकराव्या मिनिटाला एक शिंपला नाकात घातला. तो बायकोनं पर्समधल्या चिमट्यानं काढला, तेव्हा पिपाणीनं चिमटा दाखवून 'आता दुसऱ्या नाकात घालू का' अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. मग एक लाट येऊन पायाला लागली, आणि ते आपल्याला न विचारता झालं म्हणून पिपाणीनं जो सूर लावला, तो घरी येईपर्यंत. सोबत आलेली खरेदीसाहेबांची आई तेव्हा ओल्या वाळूत बसली होती. तिला उठवायला तीन अनोळखी माणसं लागली.

"एकदा हात पोळले की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो," खरेदीसाहेब म्हणाले.

"दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकतात," आई आतून म्हणाली. "आणि फुंकून का होईना, पितात. तू नुसताच फुंकत बसलायस."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत खरेदीसाहेबांनी डबा बाजूला सारला आणि काम हातात घेतलं. आधी गरज काय ते लिहायचं, मग बाजारात बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. कागद त्यांनी समोर होता तोच घेतला, म्हणजे केंद्राचा. मथळाही हाताला सवय होती तोच पडला: 'विषय: वाळू (बारीक) व अनुषंगिक सुविधा. तपशील.' घरच्या माणसांची नावं अशा कागदावर लिहिणं त्यांना शिष्टाचाराला धरून वाटेना. म्हणून त्यांनी पिपाणीला लाभार्थी क्रमांक एक केलं, आईला दोन, बायकोला तीन. स्वतःला त्यांनी कुठलाच क्रमांक दिला नाही. तपशील लिहिणारा माणूस कधी लाभार्थी नसतो.

मग त्यांची लेखणी जी सुटली ती सुटलीच. वाळू तळपायाला टोचता कामा नये. लाभार्थी क्रमांक एकने मूठ-दोन मूठ गिळल्यास अपाय होता कामा नये. नाकपुडीत मावेल असा कोणताही घटक वाळूत नसावा. पाण्याचा लोट अचानक, पूर्वसूचनेशिवाय येऊ नये. लाभार्थी क्रमांक दोनला बसल्या जागेवरून क्रमांक एक सतत दिसावा, व बसण्याची जागा अशी असावी की उठताना इतरांची मदत लागू नये. दुपारी एक ते तीन संपूर्ण शांतता. आणि शेवटी, बायकोचा सकाळचा चेहरा आठवून, लाभार्थी क्रमांक तीनला सलग दोन तास कुणीही हाक मारू नये. एकूण नऊ अटी झाल्या. वाचून त्यांचे डोळे भरून आले. चौदा वर्षांत इतका नेटका तपशील त्यांच्या हातून उतरला नव्हता.

तेवढ्यात पंपघरातून बोलावणं आलं, म्हणून त्यांनी कागद टेबलावरच्या एका फायलीखाली सरकवला आणि ते गेले.

ती फाईल वाळूचीच होती. पाणी गाळायच्या हौदांत जी वाळू भरतात ती दर काही वर्षांनी बदलावी लागते, आणि त्याच दुपारी तिचा तपशील तीन पुरवठादारांना जायचा होता. तो तपशीलही फायलीतच होता, जुना, पिवळा पडलेला. खरेदीसाहेब पंपघरात असताना जावक टेबलावरच्या बाई आल्या आणि फाईल घेऊन गेल्या. त्यात त्यांना एकाच विषयाचे दोन कागद मिळाले. दोन कागद असतील तर अलीकडच्या तारखेचा ग्राह्य धरावा, असा नियम होता. जावकबाईंनी तो पाळला.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिन्ही पुरवठादार शंका विचारायला बैठकीच्या खोलीत जमले. मुख्य अभियंता मॅडम मधल्या खुर्चीवर होत्या. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की त्याचं परिपत्रक होई. खरेदीसाहेब त्यांच्या उजव्या हाताला बसले. संध्याकाळपर्यंत किनारा ठरवायचा होता आणि कालचा कागद सापडत नव्हता, म्हणून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"साहेब, अट क्रमांक दोन," पहिले पुरवठादार म्हणाले. हे गृहस्थ डोक्यावरची टोपी जेवतानाही काढत नसत. "मूठ-दोन मूठ गिळल्यास अपाय होता कामा नये. हे सिद्ध कसं करायचं?"

खरेदीसाहेबांच्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला ते टेबलाखाली वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथे राहिले. टेबलाखालून त्यांना मॅडमचा आवाज ऐकू आला.

"त्यात विचारण्यासारखं काय आहे? गाळणीतून वाळूचे कण सुटून नळात आले तर लोकांच्या पोटात जाणार. आजवर हा विचार कुणी केला नव्हता हेच आश्चर्य आहे."

"पण मूठ-दोन मूठ?"

"आयुष्यभरात जाते तेवढी. पुढे?"

"लाभार्थी म्हणजे?" चष्मेवाले पुरवठादार म्हणाले.

"लाभार्थी म्हणजे पाणी पिणारा नागरिक. त्याला ग्राहक न म्हणता लाभार्थी म्हटलंय, हे मला आवडलं."

खरेदीसाहेब वर आले. "मॅडम, हा कागद जरा..." त्यांनी सुरुवात केली. आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. कारण तीनच महिन्यांपूर्वी केंद्राच्या माळ्यानं केंद्राच्या कागदावर घरच्या किराणामालाची यादी लिहिली होती. 'कार्यालयीन कागद, कार्यालयीन वेळ व खासगी मजकूर' या विषयावर त्याला जो मेमो गेला होता, तो खरेदीसाहेबांनीच लिहिला होता. तो इतका कडक होता की माळ्यानं तेव्हापासून त्यांच्या खिडकीखालच्या झाडांना पाणी घालणं सोडलं होतं.

"हा कागद जरा काय?" मॅडमनी विचारलं.

"जरा... सविस्तर झालाय."

"असू दे. सविस्तरच हवा."

"अट चार," टोपीवाले म्हणाले. "पाण्याचा लोट पूर्वसूचनेशिवाय येऊ नये."

"हौदात खालून उलटं पाणी सोडून वाळू धुताना घंटा वाजवा, असा अर्थ. योग्य आहे. मागे एकदा मीच भिजले होते."

"लाभार्थी क्रमांक दोनला बसल्या जागेवरून क्रमांक एक सतत दिसावा?"

मॅडमनी थोडा विचार केला. "देखरेखीचा ओटा हवा. वरच्या हौदावरचा माणूस खालच्या हौदावरच्याला दिसला पाहिजे. सुरक्षिततेचा मुद्दा आहे."

"आणि उठताना इतरांची मदत लागू नये?"

"आपले कर्मचारी वयस्कर होत चाललेत," मॅडम म्हणाल्या. त्या आता खरेदीसाहेबांकडे अशा नजरेनं बघत होत्या की कुठल्याही नोकरदार माणसाचा ऊर भरून यावा. खरेदीसाहेबांचा फक्त घाम निघाला.

"शेवटची अट नऊ," चष्मेवाले म्हणाले. "लाभार्थी क्रमांक तीनला सलग दोन तास कुणीही हाक मारू नये. ही मात्र आम्हाला उलगडली नाही, मॅडम. रात्री तिघांनी एकत्र बसून वाचली."

खरेदीसाहेबांना वाटलं, आता संपलं. पण मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"म्हणजे गाळणी सलग दोन तास कुणी हात न लावता, कुणाला हाक न मारता चालली पाहिजे," त्या म्हणाल्या. "इथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी कुणाच्या तरी नावानं ओरडत असतं. वीस वर्षं मी हेच सांगतेय. साहेब, तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशा वेळी माणूस जे करतो तेच खरेदीसाहेबांनी केलं. ते मूग गिळून बसले. मॅडम मात्र आता पेटल्या होत्या. इतका चांगला तपशील आहे, तर वाळूचा नमुना नुसता बरणीतून आणून चालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जिथून ती येते ती जागा बघायची. तिन्ही पुरवठादारांची वाळू समुद्रकाठच्या टेकाडांतून खणून, धुऊन येत होती. म्हणजे तीन किनारे. सोमवारी पहिला, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा. सोबत खरेदीसाहेब.

"मॅडम, सोमवारपासून माझी आठ दिवस रजा आहे, समुद्रावर जायला. मंजूर झालेली."

"तपशील तुमचा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो कळणार?" मॅडम म्हणाल्या. "रजा पुढे घ्या. समुद्र कुठे पळून जातोय?"

बैठक संपल्यावर खरेदीसाहेब तरातरा जावक टेबलापाशी गेले. "कागद पाठवण्यापूर्वी वाचत नाही तुम्ही?" ते कडाडले. "त्यात लिहिलंय काय, एका नजरेनं तरी बघायचं!"

जावकबाईंनी टेबलाची काच पुसली. काचेखाली एक परिपत्रक होतं. "जावक विभागाने मजकूर वाचू नये, वाचण्यात वेळ जातो," त्यांनी वाचून दाखवलं. "खाली तुमची सही आहे, साहेब. वाचायला लागायची वेळ आली ती आज पहिल्यांदाच."

त्या संध्याकाळी खरेदीसाहेबांनी घरात सगळं सांगितलं, आणि सांगताना जगावर जितकं चिडता येतं तितके ते चिडले. जावकबाईंवर चिडले, टोपीवाल्यांवर चिडले, एका सरळ कागदाचा इतका वाकडा अर्थ काढणाऱ्या एकूणच मनुष्यजातीवर चिडले. आपण स्वतः कुठे चुकलो ते त्यांनी दोनदा शोधलं. सापडलं नाही. आई सुरुवातीला पदर तोंडाला लावून ऐकत होती. 'देखरेखीचा ओटा' आला तेव्हा ती उठून आत गेली आणि तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

बायको हसली नाही. ती पिपाणीच्या बुटांचे बंद सोडवत होती. ते सोडवून झाल्यावर तिनं ते परत बांधले, आणि परत सोडवले.

"म्हणजे माझे आठ दिवस गेले," ती म्हणाली.

"गेले म्हणजे, पुढच्या वर्षी..."

"माझे दोन तास गेले." हे ती इतक्या हळू बोलली की खरेदीसाहेबांना तिचं ओरडणं परवडलं असतं. पिपाणीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ती गप्प बसली.

मग बायकोनं फोन हातात घेतला. "तुमची सोमवारची पाहणी कुठल्या किनाऱ्यावर?"

खरेदीसाहेबांनी सांगितलं.

तिनं फोन लावला. "एक खोली हवीये. सोमवारपासून आठ दिवस. दोन बायका आणि एक लहान मूल. हो. नाही, बघायची नाहीये खोली. चालेल." फोन ठेवला. या सगळ्याला एक मिनिट लागलं.

"अगं, काय केलंस काय तू!" खरेदीसाहेब उठून उभे राहिले. "तो टोपीवाल्यांचा किनारा आहे! खरेदीचे नियम, कलम अकरा! पाहणीच्या जागेवर अधिकाऱ्याचे नातेवाईक असता कामा नयेत!"

"मग ओळख दाखवू नकोस."

"मी? स्वतःच्या बायकोला?"

"तुला काय अवघड आहे? घरी असतोस तेव्हा कुठे दाखवतोस?" बायको म्हणाली आणि बॅग काढायला गेली.

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता खरेदीसाहेब काळे चामडी बूट, इस्त्रीची पँट आणि हातात फाईल अशा वेषात समुद्रकिनाऱ्यावर उभे होते. बुटात वाळू गेली होती. ती टोचत होती, आणि ते त्यांनी अट एकसमोर तसं लिहूनही ठेवलं. मॅडमनी साडीवर कॅनव्हासचे बूट घातले होते आणि त्या चाळणी हातात घेऊन टेकाडावर चढत होत्या. टोपीवाले आजूबाजूला असे वावरत होते की जणू हा समुद्रही त्यांनीच धुऊन आणलाय.

पन्नास पावलांवर एक मोठी रंगीत छत्री होती. तिच्याखाली उंच पाठीच्या खुर्चीत एक म्हातारी बाई आरामात बसली होती. शेजारी चटईवर दुसरी बाई पुस्तक वाचत होती. खरेदीसाहेबांनी तिकडे बघितलं नाही. न बघणं हे किती कष्टाचं काम आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मान आखडली. शिवाय ज्या घरात आपल्याला विचारल्याशिवाय दाराची बिजागरी बदलत नाहीत, त्या घरातली माणसं आपल्यावाचून इतकी सुखात दिसावीत, याचा त्यांना जो संताप आला तो फायलीत कुठे लिहायचा हेही कळेना.

बायकोचं पान मात्र उलटत नव्हतं, हे त्यांना न बघताही दिसलं. दर मिनिटाला तिचा हात पुढे जाई आणि एका छोट्या फ्रॉकचं टोक धरून मागे ओढी. तिला दोन तास काय, दोन ओळी मिळत नव्हत्या. खरेदीसाहेबांनी फाईल छातीशी घट्ट धरली आणि समुद्राच्या खारटपणाबद्दल एक शेरा लिहिला.

"मॅडम! साहेब! इकडे या, इकडे!" टोपीवाले अचानक ओरडले. "अट क्रमांक दोन! पुरावा मागत होतात ना? हा घ्या जिवंत पुरावा!"

सगळे धावले. टोपीवाल्यांच्या बोटासमोर, धरलेला फ्रॉक सुटून मोकळं झालेलं एक सव्वादोन वर्षांचं मूल फतकल मारून बसलं होतं आणि मन लावून वाळू खात होतं.

"बघा!" टोपीवाले म्हणाले. "कुणाचं तरी पोर आहे, मी ओळखतसुद्धा नाही! माझ्या डोळ्यांदेखत एक मूठ गेली, आता दुसरी चाललीये. रडणं नाही, खोकला नाही, उलट गालावर तेज बघा!"

"खरंच की," मॅडम खाली वाकून म्हणाल्या. "साहेब, नोंद करा. पहिली मूठ, दहा वाजून पन्नास मिनिटं. अपाय नाही."

खरेदीसाहेबांनी फाईल उघडली. पेन टेकवला. 'पहिली मूठ' एवढं लिहिलंही. त्यांचे कान तापले, मग गाल, मग टाळू. चौदा वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी सांगितलेली नोंद त्यांनी अर्धी टाकली नव्हती.

"थोडं थांबू," टोपीवाले म्हणाले. "दुसरी मूठ पूर्ण जाऊ दे, म्हणजे अट तंतोतंत..."

"थांबू?" खरेदीसाहेब ओरडले. फाईल वाळूत पडली. "पोर वाळू खातंय आणि तुम्ही थांबताय? माणसं आहात का कोण आहात? थू कर! आधी थू कर! पिपाणी, थू!"

पिपाणीनं वर पाहिलं. तोंडभर वाळूसकट तिचा चेहरा उजळला. "बाबा!" असा सूर तिनं लावला की टेकाडापलीकडचे मजूरही वळून बघायला लागले. मग तिनं खरेदीसाहेबांच्या इस्त्रीच्या पँटवर थू केलं.

ते गुडघ्यावर बसले होते आणि बोटानं तिचं तोंड साफ करत होते. वर मॅडम उभ्या होत्या.

"तुम्ही ओळखता हिला?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. खरेदीसाहेब मुलीला कडेवर घेऊन उठले.

"मॅडम," ते म्हणाले, "ही लाभार्थी क्रमांक एक."

मॅडमनी वाळूतली फाईल उचलली, झटकली आणि तो तपशील पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग छत्रीकडे पाहिलं. उंच खुर्चीतल्या म्हातारीनं हात हलवला.

"क्रमांक दोन?"

"हो."

"आणि हाक मारू नये ती?"

"हो."

टोपीवाल्यांनी आयुष्यात प्रथमच टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"कलम अकरा काय म्हणतं?" मॅडमनी विचारलं.

खरेदीसाहेबांनी ताठ उभं राहून म्हटलं, "पाहणीच्या जागी अधिकाऱ्याचे नातेवाईक आढळल्यास त्याने त्याच क्षणी कामातून दूर व्हावे, आणि खरेदी पूर्ण होईपर्यंत कार्यालयात पाऊल ठेवू नये."

"पूर्ण व्हायला किती दिवस लागतील?"

"अजून दोन पाहण्या आहेत. आठ-दहा दिवस तरी."

"मग व्हा दूर," मॅडम म्हणाल्या. "तपशील मात्र तोच राहणार. वाळूला चांगला आहे. आणि केंद्राच्या कागदावर खासगी मजकूर लिहिल्याबद्दल मेमो निघेल. त्याचा मसुदा परत आल्यावर तुम्हीच करा. तुमच्याइतका कडक दुसऱ्या कुणाला जमत नाही."

चाळणी उचलून त्या टेकाडाकडे निघाल्या. टोपीवाले टोपी घालत त्यांच्यामागे पळाले. "पण मॅडम, अट दोन झाली असंच धरायचं ना?" असं ते विचारत होते. खरेदीसाहेब मुलीला घेऊन छत्रीपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तू मुद्दाम केलंस."

"हो," बायको म्हणाली.

"कलम अकराचा दुसरा भाग तुला कुणी सांगितला? मी तर पहिलाच सांगितला होता!"

"पिपाणीला झोपवताना तू दुसरं काय म्हणतोस? तिला नवव्या कलमाला झोप लागते. मी अकरापर्यंत जागी असते." तिनं पुस्तक मिटून चटईवर ठेवलं. "बाराव्याला मलाही लागते."

"पण ही काय रीत झाली? तीन किनारे बघायचे होते, तक्ता व्हायचा होता! एक मिनिटात, खोलीसुद्धा न बघता... आणि ही वाळू टोचते! माझ्याकडे लेखी आहे!"

बायकोनं चप्पल काढली आणि ती पाण्याच्या दिशेनं चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पहिली लाट आली तेव्हा तिनं साडी वर धरली. दुसरी आली तेव्हा सोडून दिली.

खरेदीसाहेबांच्या एका हातात पिपाणी होती, दुसऱ्यात तिच्या फ्रॉकचं टोक. मुलीनं तोवर त्यांच्या खिशातला पेन काढून त्याचं टोपण नाकाकडे न्यायला घेतलं होतं. ते काढून घ्यायला त्यांना तिसरा हात नव्हता.

"अगं, ए!" त्यांनी तोंड उघडलं. मग आईकडे वळले. "आई, ही निघाली कुठे? येणार कधी?"

आईनं खुर्चीत पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"दोन तास झाले की विचार."